शब्दचर्चा: रिपोर्टमधला 'स्टेबल' म्हणजे काय? आणि जनुकीय की आनुवंशिक?

चोपडेकर
मंडळी, आमच्या मोठ्या काकांचं मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन जळगावला झालं, गाठीचा ब्लॉक (मेणात बसवलेला तुकडा) पुढे मुंबईला तपासायला गेला होता, त्याचा रिपोर्ट आलाय. शेवटी लिहिलंय 'मायक्रोसॅटेलाइट स्टेबल'. वाचून घरात सगळ्यांना हायसं वाटलं, काकू तर म्हणे 'स्टेबल शे ना, मंग चांगलंच शे'. पण डॉक्टर केमोचं बोलताय. मग स्टेबल आहे ते नेमकं काय? आणि मराठीत याला जनुकीय स्थिरता म्हणायचं की आनुवंशिक, दोन्ही वाचायला मिळताय.

लॅबताई, जळगाव
दादा, हा स्टेबल तब्येतीचा नाही. पेशंट आयसीयूतून बाहेर आला की 'आता स्टेबल आहे' म्हणतो आपण, तो अर्थ इथे अजिबात लावू नका. आजार किती पसरला, थांबला का वाढतोय, यातलं काहीच हा शब्द सांगत नाही, ते स्टेजवरून कळतं.

मायक्रोसॅटेलाइट म्हणजे डीएनएमधल्या अशा जागा जिथे एकच अक्षर किंवा दोनचार अक्षरांचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. बॅट-२६ नावाची जागा आहे तिथे ए हे अक्षर ओळीने २६ वेळा असतं. पेशी दुभंगताना डीएनएची नक्कल होते आणि अशा लांब रांगेत एखादं अक्षर कमीजास्त पडतंच, ते दुरुस्त करायला पेशीत प्रथिनं असतात, त्यातली चार महत्त्वाची: एमएलएच-१, पीएमएस-२, एमएसएच-२, एमएसएच-६. ही दुरुस्ती बंद पडली की रांगांची लांबी बदलत जाते, ती अस्थिरता. काकांच्या गाठीत रांगा जशाच्या तशा आहेत, म्हणून स्टेबल. मोठ्या आतड्याच्या साधारण ८५ टक्के कॅन्सरमध्ये असंच येतं, अस्थिर निघतात ते साधारण १५ टक्के.

भुसावळकर
ताई, हे बघतात कसं? आमच्या आत्याच्या रिपोर्टमध्ये वेगळंच होतं, 'लॉस ऑफ एक्स्प्रेशन' असं.

लॅबताई, जळगाव
भाऊ, ती दुसरी पद्धत, आयएचसी. त्यात डीएनए बघतच नाहीत, दुरुस्ती करणारी प्रथिनं आहेत का तेवढं बघतात. ब्लॉकचे अगदी पातळ काप काचेवर घेऊन प्रत्येक प्रथिनासाठी वेगळी स्लाइड रंगवायची, प्रथिन असेल तर पेशीचं केंद्रक तपकिरी दिसतं, नसेल तर नुसतं निळं. मायक्रोस्कोपखाली गाठीच्या पेशी निळ्या आणि त्यांच्या मधेमधे असलेल्या लिम्फोसाइट (चांगल्या पांढऱ्या पेशी) मात्र तपकिरी, असं दिसलं तरच 'लॉस' म्हणायचं. त्या शेजारच्या चांगल्या पेशीही निळ्याच राहिल्या तर रंगच नीट चढलेला नाही, स्लाइड परत करायची. हे मी रोज बघते म्हणून सांगते, एका रंगावर पेशंटचं औषध ठरतं.

बऱ्याचदा एमएलएच-१ आणि पीएमएस-२ जोडीनेच जातात, कारण एमएलएच-१ नसलं की पीएमएस-२ टिकतच नाही. तसंच एमएसएच-२ आणि एमएसएच-६ चं.

काकांची झाली ती बहुतेक पीसीआर असणार, म्हणजे ठरलेल्या पाच जागांची लांबी मोजायची आणि त्याच माणसाच्या चांगल्या पेशींशी ताडून बघायची. दोन किंवा जास्त जागा बदललेल्या असल्या तर एमएसआय-हाय (एमएसआय म्हणजे मायक्रोसॅटेलाइटची अस्थिरता), एक असली तर लो, एकही नसली तर स्टेबल. हल्ली एनजीएस करतात, म्हणजे डीएनए वाचायची नवी पद्धत, त्यात अशा शेकडो जागा एकदम बघता येतात, पण खर्च वाढतो.

शिरपूरकर
म्हणजे हाय आलं तर वाईट ना? शुगर हाय, बीपी हाय तसं?

लॅबताई, जळगाव
नाही ना भाऊ, इथेच लोक विनाकारण घाबरतात. हाय असलं तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराचीच प्रतिकारशक्ती कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या औषधांचा, उपयोग होण्याची शक्यता जास्त असते. मे २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधांना परवानगी देणारी संस्था) पेम्ब्रोलिझुमॅब या अशाच औषधाला याच खुणेवर मंजुरी दिली, कॅन्सर कोणत्या अवयवाचा ते न बघता, असं तिथे पहिल्यांदाच झालं. आणि स्टेबल असलं की केमो कामाची नाही असंही नाही, चोपडेकर दादा, डॉक्टर सांगताय ती घ्यायला लावा काकांना.

धुळ्याचे सर
आता शब्दाचं. माझं ठाम मत, इथे 'आनुवंशिक' लिहूच नये. इंग्रजी जेनेटिकला मराठीत आपण दोन शब्द वापरतो, पण जनुकीय म्हणजे जनुकांशी संबंधित आणि आनुवंशिक म्हणजे आईबापांकडून पोराबाळांकडे येणारं. गाठीतली अस्थिरता पहिल्या अर्थाची आहे. 'आनुवंशिक अस्थिरता' वाचलं की घरात लगेच सोयरिकीची चर्चा सुरू होते, पोरीच्या लग्नाची काळजी लागते, आणि तेही बिनबुडाचं. ताई, बरोबर आहे ना?

लॅबताई, जळगाव
शब्द बरोबर सर, फक्त एक पुरवणी. अस्थिर आलेल्यातले थोडे आनुवंशिक खरंच असतात, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात, आतड्याच्या सगळ्या कॅन्सरमध्ये साधारण ३ टक्के. बाकी बहुतेकांत एमएलएच-१ चं जनुक त्या गाठीपुरतंच बंद पडलेलं असतं, ते पुढच्या पिढीत जात नाही. एमएलएच-१ गेलेलं असेल तर गाठीत बीआरएएफ या जनुकात बदल आहे का बघतात, तो सापडला की बहुधा लिंच नसतो. पक्कं करायचं तर रक्ताची वेगळी तपासणी. लिंच निघाला तर प्रत्येक मुलाला आणि मुलीला तो यायची शक्यता निम्मी, पण मग त्यांची कोलोनोस्कोपी वयाच्या विशी-पंचविशीपासून दर एकदोन वर्षांनी करता येते.

भुसावळकर
आत्याचं एमएसएच-२ आणि एमएसएच-६ दोन्ही गेलंय ताई. रक्ताचं कोणी बोललंच नाही आम्हाला.

लॅबताई, जळगाव
मग नक्की विचारा भाऊ, ही जोडी गेली की लिंचचा संशय जास्त असतो. आत्यांचा रिपोर्ट घेऊन कॅन्सरच्या डॉक्टरांना सरळ म्हणा, 'जर्मलाइन टेस्ट करायची का', म्हणजे आईबापांकडून आलेला बदल बघणारी ती रक्ताची तपासणी, हाच शब्द वापरा, नुसतं जेनेटिक म्हणालात तर झालेल्या टेस्टबद्दल बोलताय असं वाटेल त्यांना. आत्यांना मुलं असतील तर त्यांनाही सोबत न्या.