किलोभराच्या लेक ट्राउटला जाड रॉड कशाला?

गंगापूरकाठ: धाकटा भाऊ कॅनडात, ऑन्टारिओत असतो. ऑगस्टमध्ये त्याच्याकडे गेलो तेव्हा दोन दिवस लेक सिमकोवर ट्रोलिंग केलं. बोट अगदी सावकाश चालवायची आणि मागून स्पून, म्हणजे चमच्यासारखं धातूचं आमिष, ओढत न्यायचा. लागले ते सगळे लेक ट्राउट किलोच्या आतबाहेरचे. हातात मात्र समुद्रावर नेतात तसला जाड रॉड आणि ३० पौंडांचा ताण सोसणारी दोरी. मासा लागलाय हेच कळत नव्हतं. एकदा सहज दोरी गुंडाळली, तर टोकाला जेमतेम दोन वितींचा ट्राउट. तोंड वासलेलं, अंग आडवं, कल्ले जेमतेम हलत होते. किती वेळ फरफटत आला होता कोण जाणे. मला फार वाईट वाटलं. लहान माशासाठी हलकाच रॉड हवा, असं माझं ठाम मत आहे.

निफाडचा मरळवाला: दादा, अजिबात पटलं नाही. लेक ट्राउटला १० अंशांच्या आसपासचं थंड पाणी लागतं, म्हणून उन्हाळ्यात तो खोल जातो. तिथवर स्पून न्यायला बरेच जण शिसं भरलेली दोरी वापरतात. खोली मोजता यावी म्हणून तिचा रंग दर १० यार्डांनी बदलतो. आठ-दहा रंग सोडले की त्या ओझ्यानेच हलका रॉड कमान होतो, मग मासा कसा कळणार? रॉड नुसता मासा बघून घेत नाहीत, खोली बघूनही घेतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वरचं पाणी कोमट असतं. हलक्या रॉडवर दहा मिनिटं खेळवलेला मासा दमून त्यात येतो आणि सोडला तरी जगेलच असं नाही. जाड रॉडने तो झटपट वर येतो. आपल्याला झुंज हवी म्हणून त्याचा जीव का घ्यायचा?

गंगापूरकाठ: दमण्याचा मुद्दा मान्य, तो माझ्या डोक्यात नव्हता. पण ओझ्याचं म्हणाल तर भावाच्या बोटीवर डाउनरिगर होता. म्हणजे चार-साडेचार किलोचा गोळा बोटीवरून तारेने खाली सोडतात आणि आपली दोरी त्याच्याजवळ क्लिपमध्ये अडकवतात. मोठ्या माशाने हिसका दिला की क्लिप सुटते. ओझं बोट पेलते, हात नाही. मग जाड रॉड कशासाठी? उलट घट्ट क्लिप लहान माशाला सोडवता येत नाही आणि जाड रॉडचं टोक हलतही नाही. मऊ टोक असतं तर थरथरलं असतं, मी लगेच वर घेतला असता.

सातपूर ते त्र्यंबक: खाली काय लागेल हे आधी कुठे माहीत असतं? ग्रेट बेअर लेकमध्ये १९९५ साली ७२ पौंडांचा लेक ट्राउट गळाला लागला होता. आपल्याकडचंच सांगतो. गंगापूरच्या बॅकवॉटरला तिलापियासाठी बारीक दोरी लावून बसलो होतो, लागला मोठा कटला. दोरी तुटली आणि तो गळ तोंडात घेऊन गेला. ते आठवलं की आजही चुटपुट लागते. तेव्हापासून मी बारीक दोरी लावलेली नाही.

गंगापूरकाठ: भाऊ, ग्रेट बेअर पार उत्तरेला आहे, त्यावरून सिमकोचा रॉड ठरवू नये. आणि दोरी तुटते ती बऱ्याचदा रीलचा ड्रॅग, म्हणजे किती जोर लागला की दोरी सुटत जाईल ते ठरवणारा ब्रेक, आवळून ठेवल्यामुळे. ड्रॅग दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवला तर मोठा मासा दोरी ओढत जातो, तोडत नाही.

निफाडचा मरळवाला: डाउनरिगर असेल तर मधला रॉड चालेल, एवढं मानतो. एकदम हलका नको, मासा लवकर वर आलाच पाहिजे. पण क्लिप सैल केली तर लाटेच्या धक्क्यानेच सुटेल, त्याचं काय?

गंगापूरकाठ: लाट असेल त्या दिवशी क्लिप घट्टच ठेवावी लागणार. मग दर दहा मिनिटांनी दोरी वर घेऊन बघायची, कंटाळा आला तरी. भावाला काल फोनवर हेच सांगितलं. मधल्या ताकदीचा, मऊ टोकाचा रॉड तो या आठवड्यात बघून येणार आहे.