ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला ६.८ केचा रेझिस्टर नकोच! पटत नसेल तर बोला

भुसावळकर: कानबाईच्या गाण्यांसाठी माइक लावला, आणि बायांचा आवाज चढला की फाटायचा. प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट) बीसी ५४७ ट्रान्झिस्टरचा, सप्लाय १२ व्होल्ट. बेसला, म्हणजे सिग्नल आत जातो त्या पायाला, ४७ के आणि १० केचे रेझिस्टर (के म्हणजे हजार ओहम), एमिटरला १ के, त्यावर कपॅसिटर. स्कोप (सिग्नलची लाट दाखवणारं यंत्र) लावला तर लाटेचा तळ विळीनं कापल्यासारखा सपाट, माथा मात्र गोल. कलेक्टरला, म्हणजे मोठा झालेला सिग्नल निघतो त्या पायाला, ६.८ के होता. करंट १.४ मिलिॲम्प, म्हणजे ९.५ व्होल्ट रेझिस्टरनंच खाल्ले. कलेक्टर २.५वर, एमिटर १.४वर, खाली उतरायला जेमतेम ०.९ व्होल्ट, की ट्रान्झिस्टर सॅच्युरेट, म्हणजे पूर्ण चालू, लाट आणखी खाली जातच नाही. त्यात आपल्याकडचा ४५ अंशांचा मे: तापमान २० अंश चढलं की कलेक्टर आणखी पाव व्होल्ट खाली येतो. ३.९ के टाकला, कलेक्टर ६.५वर गेला, आवाज मोकळा झाला. गेनच्या (सिग्नल किती पट वाढतो त्याच्या) हव्यासानं हा रेझिस्टर वाढवूच नका.

धुळ्याचा पक्या: भाऊ, दोष रेझिस्टरचा नाही, करंटचा आहे. ६.८ के तसाच ठेवा, एमिटरला १.८ के लावा. करंट ०.७८वर येतो, कलेक्टर ६.७वर. गेन तुमच्या ३.९ केइतकाच, २००च्या वर, कारण तो ठरतो रेझिस्टरवर पडणाऱ्या व्होल्टेजवर. वर करंट जवळपास निम्मा आणि माइकवरचा भारही हलका.

जळगाव पेठ: दोघंही पुढची स्टेज, म्हणजे प्रीॲम्पनंतरचं सर्किट, विसरलात! तिचा इनपुट रेझिस्टन्स, म्हणजेच आपला लोड, ४.७ के धरा. सिग्नलच्या दृष्टीनं तो कलेक्टरच्या रेझिस्टरला पॅरलल. पक्या, तुझा ६.८ के तिथे २.८ केच उरतो. ०.७८ मिलिॲम्पला वर जायला जागा फक्त २.२ व्होल्ट, तळ वाचला, आता माथा कापला जाईल. भुसावळकरांना ३ व्होल्ट मिळतात. मी २.२ के लावतो, एमिटरला ५६० ओहम: करंट २.५, कलेक्टर तसाच ६.५वर, आणि वर पावणेचार व्होल्ट जागा.

धुळ्याचा पक्या: हिशेब मान्य, पण २.५ मिलिॲम्पला बेसचा इनपुट रेझिस्टन्स पार पडतो, माइकचा सिग्नल तिथेच दबतो. त्यापेक्षा मध्ये एमिटर फॉलोअर (व्होल्टेज न वाढवता लोड पेलणारा आणखी एक ट्रान्झिस्टर) घाला. लोड बाजूला झाला की माझा ६.८ के पुरतो.

भुसावळकर: एक ट्रान्झिस्टर वाढवायचा तो फक्त ६.८ के टिकवायला? नाही पटत. माझ्या बोर्डवर ३.९ केच राहणार. लोड जोडून मात्र पुन्हा स्कोप लावतो, माथा मी नीट पाहिलाच नव्हता.