मदत हवी आहे: डाव्या बाजूला व्हेरिकोसील निघालंय, ऑपरेशन फळछाटणीआधी उरकावं का?

द्राक्षबाग_तासगाव:
नमस्कार मंडळी. विषय असा आहे की नवीन आयडी काढावा लागला. वय 31, तासगाव तालुक्यात तीन एकर बाग. लग्नाला अडीच वर्षं झाली, अजून पाळणा हललेला नाही. दीड वर्ष बायकोच्याच तपासण्या चालल्या. रक्त, सोनोग्राफी, नळ्यांचा एक्सरे, सगळं नॉर्मल. एवढ्या काळात 'तुमचीही तपासणी करू' असं मला कोणी म्हटलं नाही, आणि मीही तोंड उघडलं नाही. ती मात्र दर महिन्याला आईची आणि आत्याची बोलणी खात होती. शेवटी ऑगस्टमध्ये मिरजेला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी पहिल्याच भेटीत माझा रिपोर्ट मागितला.

शुक्राणूंचा काउंट मिलीला 90 लाख, हालचाल 28 टक्के. डॉप्लर म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत डाव्या वृषणाच्या शिरा 3.4 मिमी फुगलेल्या, जोर करायला लावल्यावर रक्त उलटं येतंय. डावं वृषण 11 मिली, उजवं 16. 'व्हेरिकोसील आहे, पायाला व्हेरिकोज व्हेन असते तसंच' एवढंच डॉक्टर म्हणाले. बाहेर वीस पेशंट बसलेले, पुढं विचारायचा धीर झाला नाही.

संध्याकाळपर्यंत उभं राहिलं की डावीकडे ओढल्यासारखं दुखतं, आडवं झालं की थांबतं. हे मला चार-पाच वर्षं आहे. बागेतल्या कामानं असेल म्हणून सोडून दिलं होतं.

आता प्रश्न. शीर फुगली तर बी कमी का होतं? डावीकडेच का? ऑपरेशननं 'बाकीच्या' गोष्टींवर परिणाम होतो का? आणि ऑक्टोबरात फळछाटणी आहे, तिच्याआधी उरकून घ्यावं का?

कृष्णाकाठचा_राजा:
भाऊ घाबरू नका. आमच्याकडे एक काढा मिळतो, 40 दिवसांत काउंट डबल. नंबर व्यनि करतो.

जीवशास्त्र_निवृत्त:
वरच्या काढ्याकडे दुर्लक्ष करा. फुटलेल्या व्हॉल्व्हला काढा पाजून व्हॉल्व्ह सुधारत नाही.

मी डॉक्टर नाही, तीस वर्षं अकरावी-बारावीला शिकवलं. हा धडा वर्गात माना खाली घालून भराभर उरकला जायचा, त्याची किंमत तुमच्यासारखे मोजतात.

तुम्ही बागायतदार, तेव्हा पाइपलाइनच्या भाषेत बोलू. वृषणातून रक्त वर नेणाऱ्या शिरांमध्ये जागोजागी नॉन रिटर्न व्हॉल्व्ह असतात. ते गळायला लागले की मोटर बंद केल्यावर विहिरीत पाणी उलटं उतरतं, तसा उभ्या माणसात रक्ताचा कॉलम खाली बसतो. म्हणून संध्याकाळी ओढ लागते आणि आडवं झालं की बरं वाटतं. डावीकडेच का, तर उजवी शीर थेट पोटातल्या मोठ्या शिरेला तिरकी मिळते, म्हणजे वाय जॉइंट. डावी जास्त लांब असते आणि मूत्रपिंडाच्या शिरेला काटकोनात मिळते, म्हणजे टी जॉइंट. दाब कुठं जास्त बसणार हे तुम्हाला सांगायला नको. नुसती उजवीकडेच किंवा एकाएकी फुगली असती, तर डॉक्टरांनी पोटाचीही सोनोग्राफी करायला लावली असती.

आता बी. वृषणाला शरीरापेक्षा दोन-अडीच अंश थंड राहावं लागतं, म्हणून तर ते बाहेर पिशवीत लोंबतं. थंडी पडली की पिशवी आक्रसते, उन्हाळ्यात सैल पडते, ते तिच्या कातडीखालच्या स्नायूचं काम. शिवाय आत उतरणाऱ्या गरम धमनीभोवती या शिरांची जाळी गुंडाळलेली असते. परतीचं थंड रक्त येणारं गरम रक्त निववतं. दूध संघातल्या प्लेट चिलरमध्ये दूध आणि गार पाणी शेजारून जातं, तसंच. शिरा फुगून रक्त साचलं की हा चिलर बिघडतो. नुकसानीचं मोठं कारण ही उष्णता मानतात, एकमेव नाही.

वृषणाच्या आत साधारण अडीचशे कप्पे, प्रत्येकात एक ते तीन बारीक वेटोळ्या नळ्या. शुक्राणू त्या नळ्यांच्या अस्तरात तयार होतात. त्यांना पोसणाऱ्या पेशींना सर्टोली म्हणतात. नळ्यांच्या मधल्या जागेत लायडिग पेशी असतात, टेस्टोस्टेरॉन त्या बनवतात. तुमच्या 'बाकीच्या गोष्टीं'चं उत्तर इथं आहे: दाढी, ताकद, इच्छा हे लायडिगचं खातं, बी हे नळ्यांचं. उष्णतेचा फटका आधी नळ्यांना बसतो. लायडिग पेशी त्यामानानं चिवट.

एक विचारू का? सॅम्पल द्यायच्या आधी तीन महिन्यांत ताप आला होता का?

द्राक्षबाग_तासगाव:
सर, चिलरचं एकदम डोक्यात बसलं. हो, जुलैच्या पहिल्या आठवड्यात डेंग्यू झाला होता. 103 ताप, पाच दिवस सलाईन. सॅम्पल 20 ऑगस्टला दिलं. डॉक्टरांना सांगितलं नाही, त्याचा काय संबंध असं वाटलं.

लॅबवाला_मिरज:
दादा, तिथंच गोची आहे. एक शुक्राणू नळीत तयार व्हायला साधारण 74 दिवस लागतात. मग अधिवृषणात, म्हणजे मागच्या बाजूला चिकटलेल्या, सरळ केली तर सहा मीटर भरेल अशा नळीत आणखी काही दिवस पिकतो. जुलैच्या तापात जे होरपळले तेच तुम्ही ऑगस्टमध्ये दिले. तेव्हा 90 लाखांतला डेंग्यूचा वाटा किती आणि शिरेचा किती, हे आज सांगता येणार नाही. डब्ल्यूएचओच्या 2021च्या पुस्तकात खालची रेघ मिलीला 1 कोटी 60 लाख आणि हालचाल 42 टक्के आहे. एका रिपोर्टवर निर्णय नको. ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा द्या, आधी दोन ते सात दिवसांचा परहेज, म्हणजे वीर्यपात न होऊ देता.

आणि फवारणी कशी करता? साधा टी-शर्ट घालून ब्लोअर मारत असाल तर थांबवा. 1977 साली कॅलिफोर्नियात डीबीसीपी हे सूत्रकृमीचं औषध बनवणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांचे काउंट तपासले, तर कित्येकांचे शून्यावर आलेले. ते औषध नंतर बंद झालं, पण नळ्यांना विष लागतं हे तेव्हा कळलं.

माझंपण_झालंय:
माझं ऑपरेशन तीन वर्षांपूर्वी झालं, मायक्रोस्कोपवालं. जांघेत छोटा छेद, दुसऱ्या दिवशी घरी. त्यात बिघडलेल्या शिरा बांधतात, धमनी आणि लसिकावाहिन्या जपतात. लसिका चुकून बांधली गेली की पाणी भरतं, हायड्रोसील. म्हणून सर्जन रोज हेच करणारा बघा. काउंट सगळ्यांचाच वाढतो असं नाही, माझा सहा महिन्यांनी वाढला. महिनाभर जड उचलणं बंद होतं. छाटणीच्या तोंडावर करू नका, तुम्ही घरी बसणार नाही.

जीवशास्त्र_निवृत्त:
सहमत. दुसरा रिपोर्टही कमी आला तर ऑपरेशनचं बोलणं रास्त आहे, फुगलेली शीर आणि लहान झालेलं डावं वृषण बघता. आणखी एक: अचानक असह्य दुखलं, उलटी झाली, तर ते व्हेरिकोसील नव्हे, वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. मग सकाळची वाट बघायची नाही. सहा तासांच्या आत सर्जन गाठायचा.

द्राक्षबाग_तासगाव:
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांना फोन करून डेंग्यूचं सांगितलं, तेही म्हणाले 15 ऑक्टोबरनंतर परत तपासू. आज रात्री आईला दोन्ही रिपोर्ट दाखवले. तिला वाचता येत नाही, मीच वाचून दाखवले. बराच वेळ काही बोलली नाही, मग सुनेला हाक मारून जेवायला आपल्याशेजारी बसवलं.

लॅबवाले दादा, एक शेवटचं. सॅम्पल घरून आणलं तर चालेल का? गावातून मिरजेला यायला सव्वा तास लागतो.

लॅबवाला_मिरज:
नाही, तासाच्या आत पोचलं पाहिजे, नाहीतर हालचाल खोटी कमी दिसते. लॅबमध्येच द्या, वेगळी खोली असते. सकाळी लवकर या, गर्दी नसते.