शेवटच्या चढाईवर फुटणारे खापर

संघ हरला की चाहते एकट्या खेळाडूला दोषी धरतात ते त्यांना खेळ कळत नाही म्हणून, हे मत मला पटत नाही. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत कबड्डी पाहणाऱ्या म्हाताऱ्यांनाही लोण (म्हणजे अख्खा संघ बाद होणे) केव्हा बसला आणि त्याचे दोन गुण कोणाला गेले हे तोंडपाठ असते. तरीही सामना एका गुणाने गेला की खापर फुटते ते शेवटच्या चढाईत पकडल्या गेलेल्या पोरावर, कारण त्याला मातीत पडताना सर्वांनी पाहिलेले असते. मध्यंतराआधी घाईने झेप घेऊन फुकट बाद झालेल्या कोपरारक्षकाचे, म्हणजे कोपऱ्यात उभे राहून चढाई करणाऱ्याला पकडणाऱ्याचे, नाव पारावर निघत नाही. उरलासुरला राग पंचावर, आणि त्याचे मूळ गाव कोणते याची चौकशीही होतेच.

दुसरे असे, की दोषी आपल्यातलाच लागतो. १९ नोव्हेंबर २०२३  रोजी अहमदाबादला क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना भारत ऑस्ट्रेलियाकडून हरला, त्यानंतर आपल्या के. एल. राहुलच्या १०७ चेंडूंतील ६६ धावांवर बोट ठेवले गेले. मात्र ३ बाद ४७ नंतर ऑस्ट्रेलियाच्या हेड आणि लाबुशेन यांनी केलेल्या १९२ धावांच्या भागीदारीवर राग काढण्याची सोय नव्हती.

अपेक्षा किती होती, हेही पाहावे लागते. मार्च २०२४ मध्ये रणजी करंडक क्रिकेटच्या अंतिम सामन्यात विदर्भ मुंबईकडून १६९ धावांनी हरला, पण ५३८ चा पाठलाग करताना ३६८ पर्यंत पोचल्यामुळे आमच्याकडे कौतुकच जास्त झाले. वास्तविक पहिल्या डावातील १०५ धावांतच सामना बराचसा निसटला होता, आणि त्याचा जाब विचारणे रास्त ठरले असते.