टुर्नामेंट पोकर: टेबलावरच्या बोलण्याचा खरंच किती उपयोग?

झब्बू (धागाकर्ता)

लाइव्ह नो-लिमिट होल्डेम, टुर्नामेंट, नऊ जणांचं टेबल. बोलून समोरच्याला फोल्ड (पत्ते टाकून डाव सोडणं) करायला लावणं किंवा त्याच्याकडून कॉल (बेटइतक्या चिप्स टाकणं) काढून घेणं, यावर इथे नीट चर्चा झालेली दिसली नाही. ऑनलाइन खेळून लाइव्हकडे वळलेल्यांची इथेच पंचाईत होते. रेंज (समोरच्याकडे असू शकणारे पत्ते), पॉट ऑड्स (पॉटच्या मानाने कॉलची किंमत) सगळं पाठ असतं, पण समोरच्याने "मागे किती उरलेत?" विचारलं की एकतर दातखीळ बसते, नाहीतर नको ते तोंडातून निघतं.

तीन प्रश्न आहेत. डाव चालू असताना नियमात काय बसतं? ब्लफ मारताना बोलावं की गप्प बसावं? आणि रिव्हरला (शेवटचा सामाईक पत्ता उघडल्यावर) बेट केल्यावर समोरचा पत्ते हातात धरून "फोल्ड केलं तर दाखवशील का?" असं म्हणतो, तेव्हा तो खरं काय विचारत असतो? हिशोबासाठी धरा: पॉट (मधे जमलेल्या चिप्स) १२ बिग ब्लाइंड (डावाआधी लावायची मोठी सक्तीची रक्कम), बेट ६.

---

मेंढीकोट

आधी नियम, कारण बोलणाऱ्यांचं पहिलं नुकसान तिथेच होतं.

बऱ्याच मोठ्या लाइव्ह स्पर्धा टुर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनचे, म्हणजे टीडीएचे, नियम थोड्याफार फरकाने वापरतात. त्यानुसार तुम्ही डावात असा वा नसा, चालू किंवा मक झालेल्या (टाकून दिलेल्या) पत्त्यांबद्दल बोलायचं नाही, कुणाला सल्ला द्यायचा नाही, आणि टेबलावर उघडे न झालेले पत्ते वाचून दाखवायचे नाहीत. तिघं पॉटमध्ये असताना "अरेरे, मी एक्का टाकला" एवढं म्हटलं तरी पेनल्टी लागू शकते, कारण तिसऱ्याचं गणित त्या वाक्याने बदलतं. पॉटमध्ये दोघंच उरले की स्वतःच्या पत्त्यांबद्दल बोलू देणाऱ्या स्पर्धा आहेत, तसंच तेही चालवून न घेणाऱ्या आहेत. खेळ सुरू होण्याआधी फ्लोअरला (स्पर्धेच्या पंचांना) विचारून घ्या. डाव चालू असताना विचारलंत तर त्या प्रश्नातूनच तुमचे पत्ते कळतात.

दुसरं, शब्द बांधून घालतात. तुमची पाळी असताना "कॉल" किंवा "रेझ" (बेट वाढवणं) तोंडातून गेलं की गेलं. "समजा मी कॉल केला तर..." ही सुरुवात तर टाळाच. गोंगाटात डीलरला फक्त "कॉल" ऐकू येतो. "तू बेट केलंस तर मी रेझ करणार" अशा जर-तरच्या घोषणा टीडीएला मुळातच नापसंत आहेत. त्या बांधील ठरू शकतात किंवा पेनल्टी लावू शकतात.

तिसरं, समोरच्याने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. रक्कम किती आहे हे पाहणं कॉल करणाऱ्याचं काम. "साधारण पंधरा असतील" ऐकून कॉल केला आणि निघाले बावीस, तर बहुतेक वेळा बावीस द्यावेच लागतात. ऑल-इन (सगळ्या चिप्स लावलेलं बेट) समोर असेल तर डीलरकडून मोजून घ्या आणि स्वतःही पाहा.

बबलवर (बक्षिसाच्या जागा सुरू होण्याच्या उंबरठ्यावर) आणखी एक. छोटा स्टॅक (कमी चिप्सवाला) ऑल-इन आहे, मागे दोघं उरलेत, आणि त्यातला एक म्हणतो "चेक-चेक करून याला काढू या" (म्हणजे आपण दोघं बेट न करता पुढे जाऊ). हे उघड संगनमत. दोघांनी आपापल्या हिशोबाने मुकाट चेक करत जाणं वेगळं, बोलून ठरवणं वेगळं. तसंच टेबलाची भाषा ठरलेली असते. शेजारचा आपला माणूस असला तरी डाव चालू असताना त्याच्याशी मराठीत कुजबुज नको. निरुपद्रवी असली तरी बाकीच्यांना ते कसं कळणार?

पेनल्टीची किंमत कमी समजू नका. एक फेरी बाहेर बसवलं तरी ब्लाइंड आणि अँटी (दोन्ही सक्तीच्या रकमा) कापले जातात. बिग ब्लाइंड अँटी असेल तर अर्धा (स्मॉल ब्लाइंड) + एक (बिग ब्लाइंड) + एक (अँटी), म्हणजे २.५ बिग ब्लाइंड. २५ च्या स्टॅकचा दहावा हिस्सा, एकही पत्ता न बघता.

---

बदामसात

मेंढीकोट यांच्याशी सहमत. आता गणित.

१२ च्या पॉटमध्ये ६ चं बेट म्हणजे ब्लफ ३३ टक्के वेळा चालला की बरोबरी (६ भागिले १८). कॉल करणाऱ्याला २५ टक्के जिंकण्याची शक्यता पुरते (६ भागिले २४). बोलण्याने समोरच्याची फोल्ड होण्याची शक्यता ३३ वरून ३८ झाली तर तुम्हाला ०.९ बिग ब्लाइंड मिळतात: प्रत्येक टक्क्यामागे ०.१८. बोलण्याचा फायदा हा एवढाच असतो. खोटं उघडं पडून शक्यता २८ वर आली तर तेवढेच जातात. त्यामुळे बेटचा आकार चुकलेला असताना तोंडाने सावरायला जाऊ नका.

टुर्नामेंटमध्ये बोलणं कॅश गेमपेक्षा जास्त चालतं, कारण कॉल चुकला तर समोरच्याचा खेळ संपू शकतो. बबलजवळ मधल्या स्टॅकवाल्याला कॉल करायला २५ टक्के पुरत नाहीत, बक्षिसाच्या हिशोबाने बरेच जास्त लागतात. अशा वेळी डावांच्या मधल्या वेळात, कुणाचेच पत्ते वाटलेले नसताना, "अजून किती जण बाहेर जायचेत?" असं स्क्रीनकडे बघत विचारणं पूर्ण नियमात बसतं. त्याच्या डोक्यात जे आधीच आहे तेच तुम्ही पुढे आणता. आधीच ऑल-इन व्हायला टेकलेल्या चार ब्लाइंडच्या माणसावर याचा शून्य परिणाम.

ब्लफ मारताना? सर्वसाधारण उत्तर: गप्प. पण मग भारी पत्ते असतानाही गप्पच. बहुतेकांचं इथे बिनसतं. पत्ते चांगले आले की गडी गप्पा मारतो, ब्लफ मारला की पुतळा होतो, आणि एका फेरीत टेबलाला ते कळतं. डावांच्या मधे हवं तेवढं बोला, स्वतःचं बेट लावल्यावर प्रत्येक वेळी एकच ठरलेली गोष्ट करा. चिप्स पुढे सरकवा, बोर्डवरच्या (मधल्या सामाईक पत्त्यांतल्या) एका पत्त्यावर नजर ठेवा, बस्स.

---

गुलामचोर

मला हा सगळा प्रकार वाजवीपेक्षा मोठा केलेला वाटतो. टीव्हीवर दिसतात ते गाजलेले डाव, फसलेले हजारो कोण दाखवतो? २०१६ च्या वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमध्ये विल्यम कासूफ बोलून बोलून गाजला, नव्वी-हायवर (जोडीही नाही, सगळ्यात मोठा पत्ता नव्वी) ब्लफ चालवला, आणि त्याचबरोबर टेबलाचा वैताग, वारंवार लावलेला क्लॉक (विचाराला वेळेची मर्यादा) आणि पेनल्टीही ओढवून घेतली. शेवटी राजांची जोडी एक्क्यांच्या जोडीवर आपटून १७ वा. तिथे बोलण्याने काय फरक पडणार होता?

आता टीडीएच्या नियमात क्लॉक मागितल्यावर २५ सेकंद आणि वर ५ ची उलटी मोजणी, एवढंच मिळतं. कित्येक स्पर्धांत शॉट क्लॉकच (प्रत्येक चालीला ठरावीक वेळ) असतो. चार मिनिटं समोरच्याला पोखरत बसायचे दिवस गेले.

---

इस्पिकराणी

गुलामचोर, वेळेबद्दल बरोबर. पण बोलण्याचा खरा उपयोग फसवण्यात कमी, ऐकण्यात जास्त आहे, आणि त्याला दहा सेकंद पुरतात.

ऐकायचं काय? सगळ्यात भरवशाचा नमुना: मोठं बेट केल्यावर जो स्वतःहून आपले पत्ते हलके दाखवतो ("एवढं काही भारी नाही रे"), त्याच्याकडे बहुतेक वेळा भारीच असतं. ब्लफ मारणारा ते वाक्य टाळतो, कारण "याच्याकडे काही नाही" ही शंका त्याला कॉल करणाऱ्याच्या मनात येऊच द्यायची नसते. "कर की कॉल" हे सैल अंगाने, हसत, मान वळवून आलं तर फोल्डकडे झुका. तेच वाक्य उशिरा, तुटक, हात न हलवता आलं तर विचार करा.

याउलट बेट *होण्याआधी* धमकी देणारा ("बेट केलंस तर कॉल आहेच हं", हातात चिप्स खेळवत) सहसा मधल्या पत्त्यांवर असतो. त्याला शोडाउन (पत्ते उघडून निकाल) स्वस्तात हवा असतो. त्याच्यावर पातळ व्हॅल्यू बेट (थोडेसेच पुढे असतानाही कॉल मिळवायला लावलेलं) लावा.

हे सगळं हौशी खेळाडूंना लागू. मुरलेला खेळाडू हेच उलटं वापरतो. म्हणून पहिल्या दोन लेव्हल (ब्लाइंड वाढण्याचे टप्पे) प्रत्येक शोडाउनला "काय बोलला, काय निघालं" याची जोडी लावत जा. दोन-तीन जोड्या जमेपर्यंत त्या माणसाच्या बोलण्याला वजन देऊ नका.

कॉल काढून घेण्याचं अभ्यासासारखं उदाहरण १९९८ चं. मेन इव्हेंटचा शेवटचा डाव, बोर्ड ८-९-९-८-८. स्कॉटी न्युयेन ऑल-इन जातो आणि केविन मॅकब्राइडला म्हणतो की तू कॉल केलास की सगळं संपलं. मॅकब्राइडकडे राणी-दश्शी. बोर्डवरच फुल हाउस (तीन एकसारखे आणि एक जोडी) असल्याने पॉट अर्धा-अर्धा होईल या आशेवर तो कॉल करतो. न्युयेनकडे गुलाम-नव्वी, म्हणजे नव्व्यांचं फुल हाउस. बोर्डला हरवायला नव्वी, उरलेली अठ्ठी किंवा दश्शीपासून वरची जोडी लागत होती. मॅकब्राइडला "कॉल केला तर फारसं जात नाही" असं आधीच वाटत होतं, बोलण्याने फक्त उंबरा ओलांडायला लावला. बोर्ड तसा नसता तर ते वाक्य वायाच गेलं असतं.

---

झब्बू

भारी प्रतिसाद, धन्यवाद. "दाखवशील का?"चं मात्र राहिलं.

---

इस्पिकराणी

हो, ते राहिलंच. विचारणारा बहुतेक वेळा फोल्डकडे झुकलेला असतो आणि मनाची समजूत घालायला काहीतरी शोधत असतो. भारी पत्तेवाल्याला तुमचे पत्ते बघण्यात रस नसतो, तो कॉल किंवा रेझ करून मोकळा होतो. म्हणजे ब्लफवर असाल तर वेळ तुमच्या बाजूने आहे. त्याला हलवू नका, काही उत्तर देऊ नका.

खरे पत्ते असतील तर मोह होतो "दाखवतो की" म्हणायचा. त्याने फोल्ड सोपा होतो, कारण कुतूहल फुकटात भागणार असतं. कॉल हवा असेल तर "नाही" जास्त कामाचं. पण दोन्ही वेळा उत्तर वेगळं ठेवलंत तर बदामसात म्हणतात तीच चूक. त्यामुळे एकच उत्तर ठरवा. माझं मत: गप्प.

---

बदामसात

आणि तरीही बोललातच, "दाखवतो" म्हणालात, तर फोल्डनंतर दाखवा. नाही दाखवलेत तर पुढच्या वेळी त्या टेबलावर तुमच्या शब्दाला किंमत उरत नाही. फक्त त्याचे पत्ते मकमध्ये गेल्यावरच तुमचे उलटा. त्याची पाळी बाकी असताना उघडे केलेत तर हँड मरत नाही, पण पेनल्टी बसू शकते.