उन्हाच्या चट्ट्यांवर फ्लुरोयुरॅसिल चालू आहे, फोटोत चट्टे वाढलेले दिसतात. मलम बंद करायचं का?

पीएचसी_यवतमाळ
नमस्कार. रुग्ण ३८ वर्षांचे शेतमजूर, जन्मापासून अल्बिनिझम (त्वचेत रंगद्रव्य नसणं किंवा फार कमी असणं). कपाळ, गाल, नाक धरून १४ खरखरीत चट्टे. जिल्ह्याच्या ओपीडीत ॲक्टिनिक केराटोसिस (उन्हामुळे येणारे, पुढे कॅन्सर होऊ शकणारे चट्टे) निदान झालं, गाठ कुठेच नाही. ५ टक्के फ्लुरोयुरॅसिल मलम, दिवसातून दोनदा, चार आठवडे. दर वेळी जिल्ह्याला गेलं की मजुरी बुडते, म्हणून मधली तपासणी इथेच करतोय. मोबाईल आणि त्याला लावायचा १० पटींचा डर्मोस्कोप (त्वचा बघायचं भिंग) आहे. आज १२ वा दिवस आणि चट्टे मोजले तर २३! मलम काम करत नाही का?

त्वचा_नागपूर
काम करतंय, म्हणूनच वाढलेत. हे औषध भराभर वाढणाऱ्या पेशींवर जातं. डोळ्यांना न दिसणाऱ्या बिघडलेल्या पेशीही लाल होऊन वर येतात. ते ९ चट्टे आधीपासूनच होते. मधला आकडा सुधारणा ठरवायला धरूच नका, आजचा फोटो फक्त प्रतिक्रिया किती तीव्र आहे ते बघायला. खरी मोजणी शेवटच्या मलमानंतर ८ आठवड्यांनी, लाली पूर्ण उतरल्यावर.

पापण्या सुजल्या, पू झाला, तर थांबवून जिल्ह्याला फोन करा. तोंडात फोड, जुलाब, ताप असं एकत्र आलं तर लगेच बंद. काही लोकांच्या शरीरात हे औषध मोडणारं एन्झाइम कमी असतं, त्यांना ते जिवावर बेतू शकतं.

फोटो_पाठपुरावा
तुलना बिघडते ती बहुतेक फोटो काढण्यातच. उत्तरेकडचा व्हरांडा, थेट ऊन नको, फ्लॅश नको. अल्बिनिझममध्ये उजेड सहन होत नाही. माणूस डोळे बारीक करतो, कपाळाला आठ्या पडतात आणि दोन चट्टे एका घडीत लपतात. डोळे मिटायला सांगा. अंतर ६० सेंमी, जमिनीवर चिकटपट्टी लावून ठेवा. समोरून एक, दोन्ही बाजूंनी एकेक. ब्युटी मोड बंदच हवा, तो खपलीच पुसून टाकतो. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मोजायला ओएचपीची पारदर्शक शीट घ्या. डोळ्यांचे कोपरे आणि नाकपुड्यांच्या कडा खुणेला धरून प्रत्येक चट्ट्याला नंबर द्या, पुढच्या वेळी तीच शीट. आणि बोट फिरवल्याशिवाय नोंद करू नका. पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा कॅमेऱ्यात येत नाही.

डर्मोस्कोपी_विदर्भ
डर्मोस्कोप दाबलात तर रक्तवाहिन्या रिकाम्या होतात, लाली जाते आणि चट्टा बरा झाल्यासारखा दिसतो. अल्ट्रासाउंड जेलचा जाड थर द्या, भिंग नुसतं टेकवा. पोलराइज्ड (त्वचेवरची चमक गाळणारा) की साधा उजेड, ते प्रत्येक फोटोखाली लिहा, कारण चार पांढऱ्या ठिपक्यांची फुली फक्त पोलराइज्डमध्ये दिसते. चेहऱ्यावर लाल जाळी आणि केसांच्या मुळाभोवती पिवळट-पांढरी कडी दिसत होती का? ८ आठवड्यांनी ती जाळी जायला हवी.

पण काही गोष्टींसाठी फोटोची वाट बघू नका: बूड टणक लागणं, दाबल्यावर दुखणं, रक्त येणं, पांढरे एकसंध पट्टे, केसांच्या पिनेसारख्या वळलेल्या रक्तवाहिन्या. तिथे बायोप्सीच (तुकडा काढून तपासणी). अल्बिनिझममध्ये त्वचेच्या स्क्वॅमस सेल कॅन्सरचा धोका मोठा आहे, इथे एक महिन्याचा उशीरही नको.

पीएचसी_यवतमाळ
समजलं, चालू ठेवतो. कापसाची वेचणी सुरू आहे, वावरात जाणं थांबत नाही. काय सांगू?

त्वचा_नागपूर
मलम सकाळी निघण्याआधी नको, तर वावरातून परतून चेहरा धुतल्यावर आणि झोपताना. दोन्हीत चार-पाच तास जातील असं बघा. डोळ्याच्या कडेपासून १ सेंमी दूर, लावून झाल्यावर हात साबणाने. उन्हात रुंद कडेची टोपी आणि खाली दुपट्टा, कारण नुसत्या दुपट्ट्याने नाक उघडं राहतं. ट्यूब आणि पुसलेला कापूस झाकणाच्या डब्यात टाका, कुत्र्याने चाटलं तर ते मरू शकतं. ८ आठवड्यांनी एखादाच चट्टा उरला तर लिक्विड नायट्रोजनने गोठवून भागेल, पण तो जाड असेल तर आधी तुकडा तपासायला पाठवा.