मदत हवी आहे: इक्वेटोरियल माउंट जोडला, पण काउंटरवेट ट्रायपॉडच्या पायावर आदळते

सातारचा_तारा:
नमस्कार. नव्या दुर्बिणीचे खोके काल उघडले. पुस्तिकेतील चित्रांप्रमाणे ट्रायपॉड उभा केला, त्यावर माउंट (दुर्बीण धरून ती ताऱ्यांच्या चालीप्रमाणे फिरवणारा भाग) बसवून मधला बोल्ट खालून आवळला, काउंटरवेटचा, म्हणजे दुर्बिणीचा तोल साधणाऱ्या वजनांचा, दांडा लावला आणि त्यावर दोन्ही वजने चढवली. इथपर्यंत सर्व ठीक होते. मग माउंटचा अक्षांशाचा कोन बदलला, आणि आता दांडा खाली आणला की वजन सरळ ट्रायपॉडच्या पायावर आदळते. पायाच्या रंगाचा नखाएवढा टवकाही उडाला आहे. तीन वेळा सगळे सोडवून पुन्हा जोडले, तरी तेच. शनिवारी अमावास्या आहे. माउंट सदोष निघाला आहे का आणि परत पाठवावा का, एवढेच कृपया लवकर सांगा.

मृगनक्षत्र:
माउंट कोणता आहे, आपण साताऱ्यातच आहात का, कोन किती होता आणि किती केला, आणि वजन कोणत्या दिशेच्या पायाला लागते, हे कळल्याशिवाय काहीही सांगणे कठीण आहे.

सातारचा_तारा:
ईक्यू-५ आहे, साताऱ्यातच आहे. अक्षांशाच्या पट्टीवरचा काटा खोक्यातून निघाला तेव्हा ४५ च्या आसपास होता, तो मी १८ वर आणला. वजन उत्तरेकडच्या पायाला लागते. पुस्तिकेतही एक पाय उत्तरेलाच ठेवायला सांगितले आहे.

हडसनकाठ:
मी न्यू जर्सीत कित्येक वर्षे हाच माउंट वापरतो, पाय उत्तरेलाच ठेवतो आणि वजन पायाला कधीही लागलेले नाही. तुम्ही वरचा भाग उलटा फिरवून बसवला असावा. तो १८० अंशांत फिरवून पाहा.

मृगनक्षत्र:
हडसनकाठ, तुमच्याकडे लागत नाही याचे कारण तुमचा अक्षांश ४० च्या आसपास आहे, यांचा १७.७ आहे. ध्रुवाक्ष, म्हणजे माउंटचा ध्रुवताऱ्याकडे रोखायचा अक्ष, क्षितिजापासून अक्षांशाइतका उचललेला असतो आणि काउंटरवेटचा दांडा त्या अक्षाला काटकोनात असतो. त्यामुळे दांडा अगदी खाली असताना तो उभ्या रेषेपासून उत्तरेकडे बरोबर अक्षांशाइतकाच कलतो. चाळीस अंशांचा कल असला की वजन पायाच्या पुष्कळ पुढे, मोकळ्या हवेत राहते. अठरा अंशांवर मात्र दांडा जवळजवळ ट्रायपॉडच्या पायाच्याच उतारावरून खाली येतो. माउंट सदोष नाही, परत पाठवू नका. दक्षिण महाराष्ट्रात आणि गोव्यात हा माउंट वापरणाऱ्याला ही अडचण येणारच, आणि पुस्तिकेतील चित्रे आपल्या अक्षांशासाठी काढलेली नसतात.

आकाशगंगा_दर्शक:
माझे स्पष्ट मत असे की नवशिक्याने इक्वेटोरियल माउंट घेऊच नये. तो विकून आठ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) घ्या, जमिनीवर ठेवली की दोन मिनिटांत शनीची कडी दिसू लागतात.

मृगनक्षत्र:
त्यांनी कोणती दुर्बीण घ्यावी हे विचारलेले नाही.

लेथ_आणि_लेन्स:
यावर कायमचा उपाय म्हणजे ट्रायपॉड आणि माउंट यांच्यामध्ये वीत-दीड वीत उंचीचा जोडखांब बसवणे. मी जाड नळीचा तुकडा कापून, दोन्ही तोंडांना चकत्या वेल्ड करून आणि लेथवर त्या समांतर करून घेऊन असा खांब बनवला आहे. वजन पायाच्या वरच राहते आणि न्यूटोनियनची, म्हणजे आरशाच्या दुर्बिणीची, लांब नळीही खाली कुठे घासत नाही.

कृत्तिका_पुणे:
जोडखांबाने कंप वाढतो, हे छायाचित्रे घेताना लगेच लक्षात येते. त्यापेक्षा ट्रायपॉडच फिरवावा, म्हणजे एक पाय दक्षिणेला आणि दोन पाय उत्तरेकडे येतील व वजन त्या दोघांच्या मधल्या मोकळ्या जागेत उतरेल. ट्रायपॉडच्या माथ्यावर एक छोटी खुंटी असते, जिला माउंटचे दिशा बदलणारे दोन स्क्रू दोन बाजूंनी दाबतात. ती समोरच्या बाजूला हलवावी लागेल. तिथे आट्याचे दुसरे छिद्र आहे का, ते पाहा.

लेथ_आणि_लेन्स:
तोल विसरू नका. कमी अक्षांशावर माउंटचे डोके उत्तरेकडे बरेच पुढे झुकलेले असते. तीन पायांच्या समभुज त्रिकोणात मध्यापासून कोपरा जितका दूर, त्याच्या निम्म्या अंतरावर समोरची बाजू असते. उत्तरेला कोपऱ्याऐवजी बाजू आली, तर त्या दिशेला तोल सांभाळणारे अंतर निम्मे होते. लहान दुर्बिणीला चालेल, जड नळी लावून ट्रायपॉड असा ठेवायला मी धजावणार नाही.

सातारचा_तारा:
दुसरे छिद्र नाही, आणि शनिवारपर्यंत खांबही बनणार नाही.

मृगनक्षत्र:
दुर्बिणीची नळी किती वजनाची आहे आणि वजने दांड्यावर कुठे लावली आहेत, हे अजून आपण सांगितलेले नाही.

सातारचा_तारा:
दीडशे मिलिमीटरची न्यूटोनियन आहे, नळी धरणाऱ्या कड्यांसह सहा किलोच्या आसपास भरते. वजने पाच-पाच किलोची दोन आहेत, दोन्ही दांड्याच्या टोकाला लावली आहेत. नळी अजून चढवलेली नाही.

मृगनक्षत्र:
मग शनिवारपुरता उपाय आपल्या हातातच आहे. टोकाला दोन वजनांची या नळीला गरज नाही. दोन्ही वजने वर सरकवून माउंटच्या डोक्याजवळ आणा, म्हणजे पाय जिथे बाहेर पसरत जातो तिथपर्यंत ती पोहोचणारच नाहीत. दांड्याच्या टोकाचा सुरक्षा-स्क्रू मात्र काढू नका, निसटलेले वजन पायाच्या बोटांवर पडते. नंतर नळी चढवा आणि वजने थोडी मागेपुढे करून तोल साधा. उतरवताना आधी नळी, मग वजने.

कृत्तिका_पुणे:
आणखी एक सांगते. कोन बदलताना अक्षांशाचा एक बोल्ट सैल केल्याशिवाय दुसरा आवळू नका, आणि नळी-वजने चढलेली असताना तर मुळीच नको. माझा एक बोल्ट असाच वाकला आणि तो आट्यांतून बाहेर काढायला अख्खी दुपार गेली.

हडसनकाठ:
माझे उत्तर चुकले होते. अक्षांशाचा विचार मी केलाच नव्हता. होकायंत्राने उत्तर पाहत असाल तर ते पोलादी ट्रायपॉडपासून चार पावले दूर धरा.

सातारचा_तारा:
दोन्ही वजने वर सरकवली, नळी चढवली, तोल साधला. दांडा पूर्ण खाली असताना वजन आणि पाय यांच्यामध्ये दोन बोटे सहज जातात. सर्वांचे मनापासून आभार. खांबाची मापे, लेथ_आणि_लेन्स, सवडीने नक्की कळवा. आता अडचण अशी की गच्चीच्या उत्तरेला शेजाऱ्यांची पाण्याची टाकी आहे आणि ध्रुवतारा नेमका तिच्या मागे जातो.

मृगनक्षत्र:
अठरा अंशांवर असलेला तारा टाकीमागे जाणारच. आज बुडबुड्याच्या पातळीने ट्रायपॉड सपाट करा, मोबाइलच्या कोनमापकाने अक्षांश लावा, कारण माउंटवरची पट्टी एक-दोन अंश चुकू शकते, आणि दिशा होकायंत्राने धरा. डोळ्यांनी पाहण्यासाठी एवढे पुरेसे आहे. शनिवारी शक्य असल्यास उत्तर मोकळी असलेल्या माळावर जा.